शुद्धिपत्र कुणी लिहायचे?

(द्वितीय वर्ष कला, भूगोल)

एका अक्षराने काय होते, हे मराठी माणसाला वेगळे सांगावे लागत नाही. ‘ध’चा ‘मा’ झाला आणि ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला, ही कथा आपण शाळेत असल्यापासून ऐकत आलो आहोत. ‘धरावे’ या शब्दाचे ‘मारावे’ कुणी केले, मुळात केले की नाही, याविषयी अभ्यासकांत एकमत नाही. तो वाद आपण त्यांच्यावरच सोपवू. पण खून झाला हे खरे, आणि त्या अक्षराची कथा लोकांनी अडीचशे वर्षे जपली हेही खरे. ज्या समाजाने एका अक्षराची एवढी धास्ती घेतली, त्याच समाजात ‘अहो, एका शब्दाने असे काय बिघडते?’ हे वाक्य इतक्या सहजपणे का उच्चारले जावे?

प्रस्तुत लेखाचा विषय ऐकून काही वाचक पान उलटतील, याची मला कल्पना आहे. संगणकावर आपण जी सॉफ्टवेअर वापरतो, त्यांच्याबरोबर येणाऱ्या माहितीपुस्तिकांत शब्दांच्या लहानसहान चुका असतात. त्या चुका दुरुस्त करणे हे विद्यार्थ्याचे काम आहे काय? माझे म्हणणे असे की, आहे. आणि कला शाखेच्या विद्यार्थ्याचे तर विशेष आहे. ‘हे विज्ञानवाल्यांचे काम’, ‘ही कारकुनी’, ‘यातून मिळणार काय?’ अशी तीन उत्तरे मला आजवर मिळाली आहेत. तिन्हींचा विचार करावा, एवढ्यासाठी हा लेखनप्रपंच.

प्रथम आपल्याच महाविद्यालयातील उदाहरण घेते. भूगोलाच्या प्रात्यक्षिकात आता नकाशे केवळ ट्रेसिंग पेपरवर निघत नाहीत. आम्ही ‘क्यूजीआयएस’ नावाचे सॉफ्टवेअर वापरतो. गॅरी शर्मन यांनी २००२ साली त्याची सुरुवात केली. २०१३ पर्यंत ते ‘क्वांटम जीआयएस’ या नावाने ओळखले जाई. ते कुणालाही विनामूल्य वापरता येते आणि कुणालाही सुधारता येते. त्याची माहितीपुस्तिकाही जगभरातील स्वयंसेवक मिळून लिहितात व दुरुस्त करतात. परंतु इंग्रजीतील एवढा मोठा ग्रंथ कोण वाचणार? म्हणून वर्षानुवर्षे एक झेरॉक्स टिपण हातोहात फिरत आले आहे. ते कुणी लिहिले, कोठून आले, कुणालाच ठाऊक नाही.

आता जरा तांत्रिक भाग सांगणे भाग आहे. नकाशा काढण्यासाठी एका प्रचलित पद्धतीत पृथ्वीचे सहा सहा अंशांचे ६० उभे पट्टे पाडलेले आहेत. ७२ ते ७८ अंश पूर्व रेखांशांमधला पट्टा ४३ वा. मुंबई, पुणे, सोलापूर ही गावे त्यात येतात. नागपूर मात्र ४४ व्या पट्ट्यात जाते. सॉफ्टवेअरला हा पट्टा सांगण्यासाठी एक क्रमांक द्यावा लागतो. ३२६४३ म्हणजे उत्तर गोलार्धातील ४३ वा पट्टा आणि ३२७४३ म्हणजे दक्षिण गोलार्धातील ४३ वा पट्टा. आमच्या टिपणात ‘६’च्या जागी ‘७’ छापला होता. उत्तर गोलार्धात अंतर विषुववृत्तापासून शून्य धरून मोजतात, तर दक्षिणेत विषुववृत्तालाच १ कोटी मीटर हा आकडा देतात. त्यामुळे जे ठिकाण विषुववृत्ताच्या उत्तरेस सुमारे २० लाख मीटरवर असते, ते या एका आकड्याने दक्षिणेस सुमारे ८० लाख मीटरवर जाऊन पडते. टिपणात सांगितल्याप्रमाणे पायरी पायरीने केले, आणि सोलापूर जिल्ह्यातला अख्खा तालुका अंटार्क्टिकाच्या बर्फावर जाऊन बसला!

वर्गात हशा पिकला असेल, असे तुम्हांस वाटेल. तसे झाले नाही. प्रत्येक जण खाली मान घालून आपलीच पायरी पुन्हा तपासू लागला. ‘टिपण चुकले असेल’ असे एकानेही म्हटले नाही. कुणी म्हणाले, आपले इंग्रजी कच्चे. कुणी म्हणाले, आपल्याला हा संगणक जमायचाच नाही. शेवटी तृतीय वर्षातील एका ताईची जुनी प्रत मिळाली. तिने ‘७’ खोडून पेनाने ‘६’ केलेला होता. मी तिला विचारले, “ताई, हे तुम्ही कुणाला सांगितलं नाहीत?” ती म्हणाली, “अगं, सांगणार कुणाला? टिपण कुणाचं तेच माहीत नाही.”

या उत्तरात सारा प्रश्न सामावलेला आहे. ‘पुढच्यास ठेच, मागचा शहाणा’ असे आपण म्हणतो. पण पुढच्याने ठेच मुकाट्याने सोसली, तर मागचा शहाणा होणार कसा? ताईची प्रत शुद्ध झाली, टिपण मात्र अशुद्धच राहिले. प्रत्येक तुकडीने तोच दगड पायाने शोधायचा आणि प्रत्येकाने आपापल्या प्रतीत पेनाने आकडा बदलायचा, असा हा क्रम चालला होता. झेरॉक्सला पत्ता नसतो. मुक्त सॉफ्टवेअरच्या पुस्तिकेला मात्र पत्ता असतो. तेथे चूक कळवता येते, दुरुस्ती स्वतः सुचवता येते, आणि ती स्वीकारली गेली की पुढच्या वाचकाला शुद्ध पान मिळते. एवढी सोय असताना आपण गप्प का बसतो?

याचे कारण आपल्या इंग्रजीत नाही, असे माझे मत आहे. ते आपल्या संकोचात आहे. माझ्यासारख्या ज्या मुलामुलींच्या घरात महाविद्यालयाची पायरी प्रथमच कुणी चढले, त्यांच्या घरी छापील अक्षराला फार मान असतो. माझी आई कागद जमिनीवर पडलेला दिसला तर उचलून कपाळाला लावते. ‘छापून आलंय म्हणजे खरंच असणार’ हे तिचे ठाम मत आहे. या श्रद्धेची मी थट्टा करणार नाही, कारण तिच्यामुळेच मी येथवर पोचले. परंतु या श्रद्धेची एक दुसरी बाजू आहे. ज्यांच्या घरी दोन पिढ्या पुस्तके आहेत, त्यांना लेखकही चुकतो, मुद्रकही चुकतो हे लहानपणीच कळते. ते सहज म्हणतात, ‘हे वाक्य बरोबर नाही.’ आपल्याला वाक्य कळले नाही की आपण म्हणतो, ‘मला समजले नाही.’ दोघांनी वाक्य एकच वाचलेले असते. फरक एवढाच की, ते दोष कागदावर ठेवतात आणि आपण तो स्वतःवर घेतो.

वाक्य न समजणे हा दर वेळी वाचणाऱ्याचा दोष नसतो. माझ्या लेखाचा सारांश एवढाच आहे. अर्थात तो दर वेळी लिहिणाऱ्याचाही नसतो. म्हणून तपासावे लागते, आणि तपासणे म्हणजेच अभ्यास.

येथे कुणी म्हणेल की, हे काम तज्ज्ञांनी करावे. नवख्याने त्यात तोंड घालू नये. हा लहान तोंडी मोठा घास आहे काय? मला उलट वाटते. पुस्तिका लिहिणाऱ्याला विषय पाठ असतो. वाक्यात ‘नाही’ हा शब्द गळला, तरी त्याच्या डोळ्यांना तो दिसतच राहतो, कारण तो मनातले वाचतो, कागदावरचे नाही. छापखान्यांत लेखकाच्या हातून गेलेली मुद्रिते दुसऱ्या डोळ्यांखालून काढण्याची रीत पडली ती याचसाठी. नवखा वाचक कागदावर जे आहे तेच वाचतो, कारण त्याच्याजवळ दुसरे काही नसते. पुस्तिकेत ‘ओळ निवडा’ म्हटले आणि पडद्यावर स्तंभ दिसला, तर तज्ज्ञ स्तंभ निवडून पुढे जातो. अडतो तो नवखा. त्याचे अडणे हीच चूक असल्याची खूण असते. हे अडणे फार दिवस टिकत नाही. एकदा सवय झाली की आपणही चूक न पाहता पुढे जाऊ लागतो. म्हणून चूक नोंदवण्याचा खरा अधिकार नवख्याचा, आणि खरा काळ पहिल्या वाचनाचा.

या कामाला जगात काही प्रतिष्ठा आहे की नाही, तेही पाहू. ‘युनिक्स’ या संगणक प्रणालीची पहिली माहितीपुस्तिका ३ नोव्हेंबर १९७१ ची आहे. केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी ती सिद्ध केली. त्या पुस्तिकेत आज्ञांची माहिती देताना ‘दोष’ असा एक स्वतंत्र मथळा येतो. आपल्या वस्तूचे दोष आपणच तिच्या माहितीपत्रकात छापायचे, ही रीत त्यांनी पाडली आणि ती आजही अनेक पुस्तिकांत चालू आहे. दुसरे उदाहरण डोनाल्ड नुथ या अमेरिकन प्राध्यापकांचे. संगणकशास्त्रावरील त्यांच्या ग्रंथमालेचा पहिला खंड १९६८ साली निघाला. ग्रंथातील चूक, मग ती छपाईची का असेना, प्रथम दाखवून देणाऱ्याला ते २.५६ डॉलरचा धनादेश पाठवीत. २५६ सेंटच का? तर सोळा हा पाया धरणाऱ्या गणनपद्धतीत २५६ हा आकडा १०० असा लिहितात. म्हणून त्या हिशेबाने तो पुरा एक डॉलर! पुष्कळांनी हे धनादेश बँकेत न वटवता भिंतीवर लावले. २००८ पासून खऱ्या धनादेशाऐवजी ते एका काल्पनिक बँकेचे प्रमाणपत्र देऊ लागले, तरी त्या कागदाचा मान कमी झाला नाही. एवढ्या मोठ्या विद्वानाला आपल्या ग्रंथातील स्वल्पविरामाची चूक दाखवणाऱ्याचे आभार मानताना कमीपणा वाटत नाही. मग दाखवणाऱ्याने का लाजावे?

चूक वेळीच दुरुस्त झाली नाही तर काय होते, याचाही एक गमतीदार दाखला आहे. इंटरनेटवर एका पानावरून दुसऱ्या पानावर जाताना आपण कोठून आलो हे सांगणारी एक नोंद पाठवली जाते. तिच्यासाठी योजलेल्या इंग्रजी शब्दात ‘आर’ हे अक्षर एकदा कमी पडले. मे १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तांत्रिक दस्तऐवजात तो चुकीचा शब्द तसाच छापला गेला. तोवर तो असंख्य संगणकांत रुजला होता. आता बदलावा तर सगळेच कोलमडेल. म्हणून ती चूकच नियम होऊन बसली. पुढे त्याच विषयासंबंधी दुसरी एक सूचना ठरवताना स्पेलिंग बरोबर घेतले गेले. आज दोन्ही रूपे शेजारी शेजारी नांदतात आणि शिकणाऱ्याने दोन्ही पाठ करायची! रोप असताना जे बोटाने उपटता येते, त्याला झाड झाल्यावर कुऱ्हाडही पुरत नाही.

इतके वाचून कुणी उत्साहाने आजच शंभर चुका दुरुस्त करायला बसेल, तर त्याला थोडे थांबवणेही माझे कर्तव्य आहे. कारण या कामाची विटंबनाही झालेली आहे, आणि खेदाची गोष्ट अशी की तिच्यात आपल्या देशातील विद्यार्थ्यांचाही हात होता. डिजिटलओशन ही कंपनी २०१४ पासून दर ऑक्टोबरमध्ये एक उपक्रम घेते. मुक्त सॉफ्टवेअरमध्ये चार सुधारणा सुचवणाऱ्याला टी-शर्ट मिळे. २०२० साली टी-शर्टच्या लोभाने माहितीपानांवर निरर्थक बदलांचा पाऊस पडला. कुणी मथळ्यात ‘उत्कृष्ट’ असा शब्द घातला, कुणी उगाच एक विशेषण चिकटवले. ज्यांनी हे सारे तपासायचे, ते बिचारे विनावेतन काम करणारे लोक. ते इतके त्रासले की ऑक्टोबरच्या पहिल्याच आठवड्यात नियम बदलावे लागले, आणि जे प्रकल्प स्वतःहून तयार असतील त्यांच्यापुरताच उपक्रम ठेवावा लागला.

यावरून कुणी ‘शब्दांच्या दुरुस्त्या म्हणजे फुकटचा मोठेपणा’ असा निष्कर्ष काढतो. तो मला मान्य नाही. खोटी नाणी निघतात म्हणून खऱ्याचे मोल जात नाही. मात्र खरे-खोटे ओळखण्याची कसोटी हवी, आणि ती आपल्याच परंपरेत आहे. संत एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे इ.स. १५८४ मध्ये, ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली. ज्ञानेश्वरांनंतर तीनशे वर्षे लोटली होती आणि प्रतीवरून प्रत करताना नाना अपपाठ शिरले होते. नाथ स्वतः थोर कवी. त्यांना स्वतःच्या ओव्या घालणे अवघड होते काय? परंतु त्यांनी अपपाठ काढले, मूळ पाठ सांभाळला, आणि यापुढे कुणी आपली ओवी यात मिसळू नये असे बजावून ठेवले. दुरुस्ती आणि घुसखोरी यांतील भेद याहून स्पष्ट कोण सांगणार? जे चुकले आहे ते काढायचे. आपले नाव लागावे म्हणून जे चुकलेले नाही त्याला हात लावायचा नाही.

यात एक व्यावहारिक कारणही आहे. अशा पुस्तिकांची अनेक भाषांत भाषांतरे चालू असतात. भाषांतराच्या प्रचलित यंत्रणेत मूळ इंग्रजी वाक्य हीच किल्ली असते. त्या वाक्यात एक स्वल्पविराम बदलला, तरी प्रत्येक भाषेतील भाषांतरापुढे ‘पुन्हा तपासा’ असा शेरा पडतो. म्हणजे आपण येथे अर्ध्या मिनिटात केलेल्या बदलासाठी दहा देशांतील दहा माणसांना पुन्हा बसावे लागते. चूक अर्थ बिघडवणारी असेल, तर हा खर्च अवश्य करावा. केवळ आपल्या कानाला दुसरा शब्द बरा वाटतो म्हणून करू नये.

मी एक दुरुस्ती सुचवून पाहिली, तिची हकीगत थोडक्यात सांगते. एका मुक्त सॉफ्टवेअरच्या पुस्तिकेत ‘ओळ’ आणि ‘स्तंभ’ या अर्थाच्या दोन शब्दांची अदलाबदल झाली होती. वर दिलेले उदाहरण तेथलेच. मी दोन शब्द बदलून पाठवले. मला वाटले होते, लगेच होकार येईल. आले ते प्रश्न! कोणत्या आवृत्तीत पाहिले? आधीच्या आवृत्तीत काय होते? खालच्या चित्राशी हे जुळते काय? प्रयोगशाळेत बसून मला तीन वेळा तीच कृती करून पाहावी लागली, चित्र पुन्हा पुन्हा न्याहाळावे लागले आणि मग इंग्रजीत चार ओळींचे उत्तर लिहावे लागले. काही दिवसांनी जुनी ओळ लाल आणि नवी ओळ हिरवी होऊन पान स्वीकारले गेले. ते तपासणारी व्यक्ती कोण, कोणत्या देशाची, मला ठाऊक नाही. तिनेही माझी जात, गाव, गुण विचारले नाहीत. तिने एवढेच विचारले की, तुझे म्हणणे कशावरून? आयुष्यात प्रथमच कुणीतरी मला माझ्या वाक्याचा पुरावा मागितला, आणि तो माझ्याजवळ होता. परीक्षेत आपल्याला उत्तर विचारतात. उत्तर कशावरून, हे क्वचितच विचारतात. दोन शब्दांच्या या कामाला कारकुनी म्हणायचे असेल तर खुशाल म्हणा, पण मग संशोधन कशाला म्हणायचे तेही सांगा.

आता कला शाखेचा या कामाशी संबंध काय, याकडे वळते. चूक शोधणे हे शेवटी भाषेचे काम आहे. इंग्रजी तांत्रिक लेखनात ‘केलेच पाहिजे’, ‘करावे’ आणि ‘केले तरी चालेल’ अशा अर्थाचे तीन निरनिराळे शब्द वापरतात, आणि त्यांचे अर्थ मार्च १९९७ च्या एका दस्तऐवजात नेमके ठरवून दिलेले आहेत. मराठीत आणताना आपण तिन्हींना ‘करावे’ म्हणून मोकळे होतो. सक्तीची सूचना सल्ला होऊन जाते, आणि सल्ल्याची सक्ती होते. जो मराठी व्याकरण शिकतो, त्याला क्रियापदाच्या रूपातला हा फरक दिसला पाहिजे. ‘फ्री सॉफ्टवेअर’ला कुणी ‘फुकट सॉफ्टवेअर’ म्हणतात. तेथे अभिप्रेत असलेला अर्थ किमतीचा नसून स्वातंत्र्याचा आहे, म्हणून ‘मुक्त’ हाच शब्द योग्य. हा भेद संगणकतज्ज्ञाहून भाषेचा विद्यार्थी अधिक चांगला सांगेल.

तसेच नकाशावरील नावांचे. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधल्या खोल जागा. सह्याद्रीच्या नकाशावर रफार चुकला की दरीच्या जागी समुद्र आला! युनिकोड या जागतिक अक्षरसंकेताच्या ग्रंथात मराठीच्या या विशिष्ट ‘ऱ्’चा स्वतंत्र उल्लेख आहे, कारण त्याचे रूप वेगळे आहे याची दखल तेथे घेतली गेली. एखाद्या पुस्तिकेत ही अक्षरे कशी टंकित करावी हे चुकीचे सांगितले असेल, तर ती चूक कुणाच्या लक्षात येणार? ज्याला दर्या आणि दऱ्या यांतील फरक ठाऊक आहे, त्याच्याच. आपण गप्प बसलो तर आपल्या वतीने बोलणारे दुसरे कोण आहे?

एक आक्षेप मात्र गंभीर आहे आणि तो टाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. आमच्या वर्गातील एका मित्राने विचारले, “मोठमोठ्या कंपन्या हे मुक्त सॉफ्टवेअर वापरून पैसे कमावतात. आपण गरिबाघरची पोरं, त्यांच्यासाठी फुकट का राबायचं?” प्रश्न रास्त आहे. माझे उत्तर असे की, जे सॉफ्टवेअर एखादी कंपनी विकते, त्याच्या पुस्तिकेतील चुका तिच्या पगारी माणसांनी काढाव्यात; आपण फार तर तक्रार नोंदवावी. पण जी पुस्तिका सर्वांच्या मालकीची आहे आणि जी उद्या आपल्याच धाकट्या भावंडांच्या हातात पडणार आहे, तिची गोष्ट वेगळी. गावच्या पाणवठ्यावर धनिकाची बैलगाडीही येते, म्हणून कुणी पाणवठ्याचा गाळ काढायचे सोडत नाही. मात्र त्या मित्राच्या म्हणण्यातली एक गोष्ट मी मान्य करते. ज्याला सुटीत मजुरीला जावे लागते, त्याच्याकडून हे काम धर्मार्थ अपेक्षू नये. ते त्याच्या अभ्यासाचाच भाग झाले पाहिजे, म्हणजे त्याचा वेळ वाया जाणार नाही.

म्हणून गुरुजनांपुढे आणि विद्यार्थी मित्रमैत्रिणींपुढे मी काही सूचना नम्रपणे ठेवते.

पहिली सूचना अशी की, संगणक प्रयोगशाळेत एक साधी दोनशे पानी वही टांगावी. पुस्तिकेतील जे वाक्य वाचताना अडायला झाले, ते पान क्रमांकासह त्या वहीत लिहावे. लिहिताना ‘मला समजले नाही’ असे न लिहिता ‘येथे अडले’ एवढेच लिहावे. दोष कुणाचा, ते नंतर ठरेल.

दुसरी सूचना : एकाच वाक्याशी तीन जण अडले, तर ते वाक्य भूगोल आणि इंग्रजी या दोन्ही विभागांच्या प्राध्यापकांसमोर ठेवावे. कृती बरोबर आहे काय हे एकाने पाहावे आणि वाक्य बरोबर आहे काय हे दुसऱ्याने. आजवर हे दोन विभाग केवळ स्नेहसंमेलनाच्या समितीत एकत्र आलेले आम्ही पाहिले आहेत!

तिसरी सूचना : वर्षाकाठी पाचच दुरुस्त्या पाठवाव्यात, पण तपासून पाठवाव्यात. शंभर पाठवून नव्वद परत येण्यापेक्षा हे बरे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाप्रमाणे आखलेल्या अभ्यासक्रमात क्षेत्रप्रकल्प, सामाजिक सहभाग अशा कामांना श्रेयांक आहेत. या कामाला त्यांत जागा देता येईल काय, याचा विचार व्हावा.

आणि चौथी, सर्वांत सोपी. आपल्या महाविद्यालयात जी टिपणे फिरतात, त्यांच्या पहिल्या पानावर ती कुणी तयार केली, केव्हा केली आणि चूक आढळल्यास कुणाला सांगावी, एवढ्या तीन गोष्टी लिहाव्यात. यासाठी इंटरनेट लागत नाही, इंग्रजीही लागत नाही. नुसते एक नाव लागते.

जुन्या मराठी पुस्तकांच्या शेवटी ‘शुद्धिपत्र’ नावाचे एक पान असे. अशुद्ध एका रकान्यात आणि शुद्ध दुसऱ्या रकान्यात. लेखकाने आणि प्रकाशकाने वाचकापुढे प्रांजळपणे ठेवलेला तो हिशेब होता. पण पुस्तक एकदा छापून निघाले, की त्या पानात भर घालणे वाचकाच्या हातात नव्हते. आज ते आपल्या हातात आले आहे. जे आपल्या आजोबांना मिळाले नाही आणि वडिलांना मिळाले नाही, ते पान उघडे होऊन आपल्यासमोर पडले आहे. तेव्हा पुढच्या वेळी एखाद्या वाक्याशी अडलात, तर लगेच मान खाली घालू नका. वाक्य पुन्हा वाचा, कृती करून पाहा, शेजारच्याला विचारा. आणि चूक कागदाचीच ठरली, तर ती कळवल्याशिवाय पान उलटू नका.